तळपायाला ऊब, मस्तकाला ताप

अंडरफ्लोअर हीटिंग विकणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या माहितीपत्रकांतल्या घरांत सामान जवळजवळ नसतंच. असते ती लांबरुंद फरशी, तिच्यावर अनवाणी पाय दुमडून कॉफी पिणारी बाई, रांगणारं बाळ आणि ऐसपैस पसरलेलं कुत्रं. काचेपलीकडे बर्फ. भिंतीला रेडिएटर नाही, म्हणून त्याच्यावर वाळत टाकलेले मोजेही नाहीत. चित्र खोटं मुळीच नाही, फक्त काम संपल्यानंतरचं आहे. काम चालू असतानाचं चित्र कुणी छापलं, तर त्यात तीच बाई बेडरूममध्ये मायक्रोवेव्हवर भात करताना दिसेल, बाळ आजीकडे पोचवलेलं असेल आणि कुत्र्याचे पंजे ओल्या सिमेंटात कायमचे उमटलेले असतील.

या चित्राला सगळ्यात लवकर भुलतात ती स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्सकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबं. त्यांचीही बाजू समजून घ्यायला हवी. जुन्या इंग्रजी घराचा जमिनीशी संबंध बुटांतून आणि गालिच्यावरून येतो. मराठी घरात चपला दाराशी निघतात, पाहुणे वाढले की पंगत खाली बसते, भाजी निवडायची ती पाय पसरून आणि मुलांचा अभ्यासही पोटावर पालथं पडून. त्यातून नोव्हेंबरात सासूबाई सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या आणि पहाटे स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर पहिलं पाऊल टाकताच ‘अगं आई गं’ म्हणाल्या, की त्याच दुपारी प्लंबरला फोन जातो.

योजना ऐकायला अगदी सोपी आहे. साधारण १६ मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी दर १५ सेंटिमीटरांवर वळवत चकलीसारखी फरशीखाली घालायची आणि तिच्यातून गरम पाणी फिरवायचं. रेडिएटरला साठ-सत्तर अंशांचं पाणी लागतं, इथे ३५ ते ४५ अंशांवर भागतं, कारण अख्खी फरशीच रेडिएटर झालेली असते. वीस चौरस मीटरच्या दिवाणखान्यात सव्वाशे-एकशेतीस मीटर नळी जाते. एक वेटोळं शंभर मीटरच्या पुढे नेऊ नये असा संकेत असल्यामुळे तिची दोन करतात. घरभरची वेटोळी ज्या कपाटात एकत्र येतात तिथे मॅनिफोल्ड नावाचं प्रकरण बसवलेलं असतं. नळांचे दांडे, छोटी मापकं, वायरी. घराच्या यजमानाला पुढची अनेक वर्षं पाहुण्यांना दाखवण्यासारखी हीच एक वस्तू उरते, कारण बाकीचा सगळा खर्च जमिनीखाली गेलेला असतो.

पैसे मोजणाऱ्याची पहिली निराशा वेगळीच असते. फरशी गरम लागत नाही! युरोपातल्या मानकानुसार राहत्या खोलीत फरशीचं तापमान २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. बाथरूममध्ये ३३ चालतं. वर लाकूड असेल तर बहुतेक उत्पादक २७वरच थांबा म्हणतात. माणसाच्या तळपायाला हे जेमतेम ‘गार नाही’ एवढंच जाणवतं. त्यातही नव्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या घराला एवढीही ऊब लागत नाही. तिथे २३-२४ अंशांची फरशी खोली छान ठेवते. म्हणजे घर जितकं चांगलं, तितकी फरशी बेचव. जिथे फरशी झकास तापलेली लागते, तिथे भिंतींतून आणि खिडक्यांतून पैसे बाहेर चालले आहेत असं खुशाल समजावं. पाहुण्यांना मुद्दाम मोजे काढायला लावून ‘बघा, लागतंय का?’ असं विचारणाऱ्या यजमानाला हे कुणी सांगत नाही, आणि पाहुणेही सभ्यपणे ‘हो, लागतंय की’ म्हणतात.

या धंद्याचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो कालवं विकणारा होता. सर्जियस ओराटा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुरुवातीचा रोमन गृहस्थ. नेपल्सजवळच्या लुक्रिनस सरोवरात तो कालवांची शेती करी. त्याने ‘टांगती स्नानगृहं’ काढली, बंगल्यांना ती जोडून बंगले नटवले आणि चढ्या भावाने विकले, अशी नोंद थोरल्या प्लिनीने करून ठेवली आहे. म्हणजे जुनं घर घ्या, एक चैनीची सोय बसवा, किंमत वाढवा आणि खरेदीदाराला चटका बसण्याआधी पुढच्या बंगल्याकडे वळा, हा व्यवसाय दोन हजार वर्षं तरी जुना आहे. पुढे सरोवरावरून त्याच्यावर खटला झाला, तेव्हा वकील क्रॅसस म्हणाला होता की याला पाण्यापासून दूर ठेवून काही उपयोग नाही, हा गडी घराच्या कौलांवरसुद्धा कालवं पिकवेल. त्या टांगत्या टाक्या माणसांच्या अंघोळीसाठी होत्या की कालवांच्याच सोयीसाठी, यावर अभ्यासक अजून भांडत असतात.

रोमन पद्धतीत फरशी विटांच्या बुटक्या खांबांवर उभी असे आणि खालच्या पोकळीतून भट्टीचा धूर आणि गरम हवा खेळे. विट्रुव्हियसने आपल्या ग्रंथात खांब दोन फूट उंच करा, सांध्याच्या मातीत केस कालवा, असं सगळं लिहून ठेवलं आहे. खालचा तळ भट्टीच्या तोंडाकडे इतका उतरता हवा, की आत टाकलेला चेंडू तिथे न थांबता गडगडत परत आला पाहिजे. इतकी सुटसुटीत तपासणी आजच्या कंत्राटदाराकडेही नाही. पाचव्या शतकात रोमन ब्रिटनमधून गेले आणि ही विद्याही गेली. त्यानंतरची हजार-पंधराशे वर्षं इंग्रज माणूस शेकोटीसमोर बसला, छाती भाजलेली आणि पाठ गारठलेली.

कोरियात मात्र ती विद्या गेलीच नाही, कारण तिथे ती चुलीला जोडलेली होती. ओंडोल म्हणजे स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी फरशीखालून फिरवून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढायचा. दगडांवर माती, मातीवर तेल पाजलेला कागद. एकाच जाळात भातही शिजतो आणि आजोबांची पाठही. चुलीकडची बाजू सगळ्यात ऊबदार, धुराड्याकडची सगळ्यात थंड. त्यामुळे घरात कोण कुठे बसायचं हे तापमानावरून ठरे. ऊबदार कोपरा वडीलधाऱ्यांचा आणि पाहुण्यांचा, तिथला कागद वर्षानुवर्षांच्या धगीने तपकिरी पडलेला. उशिरा घरी येणाऱ्याच्या भाताचं भांडं झाकण घालून त्याच कोपऱ्यात रजईखाली ठेवलं जाई. धाकट्या सुनेच्या वाट्याला कुठला कोपरा येत असे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

विसाव्या शतकात लाकडाऐवजी भोकं पाडलेल्या कोळशाच्या विटा आल्या. स्वस्त आणि रात्रभर जळणाऱ्या. पण फरशीला बारीक तडा गेला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरे आणि झोपलेली माणसं झोपेतच जात. कित्येक दशकं हिवाळ्यातली ही नेहमीची बातमी होती. घरोघरी त्यावर मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी पाजायचा उपाय करत, आणि अर्थातच त्याचा काही उपयोग नसे. फरशीखालून धुराऐवजी गरम पाणी फिरू लागलं तेव्हा हे थांबलं. आज सोलमधल्या पंचविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही नळ्या जमिनीतच असतात. २०१८मध्ये दक्षिण कोरियाने ओंडोलच्या संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे काश्मीर खोऱ्यात हमामचं तत्त्व साधारण हेच: घडीव दगडांची फरशी, खाली पोकळी, बाहेरून घातलेली लाकडं आणि वर गरम पाण्याचं तांब्याचं भांडं. हिवाळ्यात मशिदीच्या हमामात म्हाताऱ्यांच्या ज्या गप्पा रंगतात, त्या ऐकायला ठाण्या-पुण्याहून गेलेल्या सहलीला वेळ नसतो. ती हॉटेलातल्या विजेच्या गादीचं बटण शोधत असते.

अमेरिकेला हे कळलं एका जेवणामुळे. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी गेलेला वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट हिवाळ्यात बॅरन ओकुरा यांच्या घरी जेवायला गेला. जपानी जेवणघरात तो इतका कुडकुडला की घास गिळणं मुश्कील झालं. जेवणानंतर यजमानांनी त्याला आपल्या ‘कोरियन खोलीत’ नेलं आणि राइटला वाटलं की एकदम वसंत ऋतूच आला. त्याने लगोलग हॉटेलच्या बाथरूमच्या फरशांखाली विजेची हीटिंग घालायला लावली आणि पुढे १९३७मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी जेकब्ज दांपत्याचं छोटं घर बांधताना काँक्रीटच्या फरशीखाली पाईप घातले.

मग बिल्डर आले. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७पासून लेव्हिट कंपनीने सतरा हजारांवर घरं जवळजवळ एकाच साच्यातून काढली. तळघर नाही, थेट काँक्रीटचा ओटा आणि त्यात तांब्याच्या नळ्या. कॅलिफोर्नियात जोसेफ आइक्लरने काचेच्या देखण्या घरांत हेच केलं. पण कोरियातलं युद्ध पेटलं, तांब्याची टंचाई झाली आणि काही घरांत लोखंडी नळ्या गेल्या. कोरियाकडून घेतलेली कल्पना कोरियातल्या युद्धाने अशी गंजवली. दोन्हीकडच्या वसाहतींत पुढच्या पिढीला जमिनीतल्या गळतीचा शोध घेत फिरावं लागलं. अनेकांनी शेवटी नळ्या मेल्या असं जाहीर करून भिंतीला हीटर लावले. आज या प्रकाराला बरे दिवस आहेत ते मुख्यतः साखळ्या जुळवलेल्या पॉलिथिलीनच्या नळीमुळे. ती गंजत नाही आणि एका वेटोळ्यात कुठेही सांधा न देता सलग घालता येते. जमिनीखाली सांधा ठेवायचा नाही, हा नियम लेव्हिटाउनच्या लोकांनी स्वखर्चाने शिकवलेला आहे.

नव्या घरात हे काम खरोखरच सोपं आहे. जमीन अजून झालेलीच नसते, त्यामुळे कुणाचं काही उखडावं लागत नाही. खाली उष्णतारोधक फळ्या, वर नळ्या, त्यात दाबाखाली पाणी भरून ठेवायचं म्हणजे गळती लगेच कळते, आणि वरून स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. इंग्लंडमध्ये जून २०२२पासून नव्या हीटिंगची रचना ५५ अंशांच्या आतल्या पाण्यावर करायचा नियम आल्याने नळ्यांची बाजू आणखी भक्कम झाली. हीट पंपालाही असंच कोमट पाणी आवडतं. घोडं पेंड खातं ते वाळण्यापाशी. सिमेंटचा स्क्रीड पहिल्या पन्नास मिलिमीटरपर्यंत दिवसाला एक मिलिमीटर वाळतो, त्याच्या खाली निम्म्या गतीने. पंचाहत्तर मिलिमीटरच्या थराला याप्रमाणे शंभर दिवस लागतात. हीटिंग लावून तो भराभर वाळवू म्हणावं, तर सिमेंटच्या थराला पहिले तीन आठवडे ऊब दाखवायचीच नाही, नाहीतर तडे जातात. बिल्डर ‘गणपतीला नव्या घरात’ म्हणतो तेव्हा तो फक्त भिंतींबद्दल बोलत असतो. लाकडी फ्लोअरिंग बसतं संक्रांतीला. घाई करून ओल्या थरावर बसवलं, तर होळीपर्यंत फळ्या कडा उचलून उभ्या राहतात.

जुन्या घराची गोष्ट मात्र हीटिंगची राहतच नाही. इंग्लंडमधलं साधारण दर पाचवं घर १९१९च्या आधीचं आहे. व्हिक्टोरियन घरांच्या रांगांत तळमजल्याची जमीन म्हणजे लाकडी वाशांवर ठोकलेल्या फळ्या. खाली मोकळी जागा, आणि ती कोरडी राहावी म्हणून बाहेरच्या भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या जाळीच्या विटा. म्हणजे बांधणाऱ्याने फरशीखालून वारा वाहावा अशी चोख व्यवस्था केलेली आणि दीडशे वर्षांनी आलेला मालक तिथेच ऊब कोंडायला निघालेला. त्या जाळ्या बुजवल्या तर वासे कुजतात, न बुजवता नळ्या टाकल्या तर शेजाऱ्याचं मांजर सुखावतं. मग फळ्या उचला, वाशांच्या मध्ये जाडजूड रोधक भरा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, त्यांच्या खाचांत नळ्या आणि पुन्हा फळ्या.

एवढा खटाटोप नको म्हणणाऱ्यांसाठी ‘फक्त वीस मिलिमीटर’वाला मार्ग आहे. आहे त्या जमिनीवरच खाचा पाडलेली पातळ पाटं टाकायची, त्यात नळ्या आणि वर टाइल. टाइल आणि चिकटा धरून जमीन तीनेक सेंटिमीटर वर येते. तीन सेंटिमीटर म्हणजे काय हो, असं घरमालक म्हणतो. पहिल्या दिवशी दारं अडकतात. ती खालून तासली जातात, पण बाहेरचं मुख्य दार तासता येत नाही, त्यामुळे उंबऱ्याशी पायरी येते आणि दुसऱ्या आठवड्यात सासूबाई तिथे अडखळतात. जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा तीन सेंटिमीटर बुटकी होते. नियम म्हणतो सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. विजेचे बोर्ड, स्कर्टिंग, फायरप्लेसचा कट्टा, सगळे जमिनीत बुडल्यासारखे दिसू लागतात. कळस होतो तो डिशवॉशरपाशी. ओट्याखालच्या फटीत तो जेमतेम मावलेला असतो आणि त्याच्या पुढ्यात जमीन वाढलेली असते. जोवर तो चालतो तोवर ठीक. बिघडला की बाहेर काढायला एकतर ओटा उचलायचा किंवा नवी कोरी टाइल फोडायची. अंडरफ्लोअरची अंदाजपत्रकं बनवताना डिशवॉशरचं आयुष्य कुणीही विचारात घेत नाही.

त्यातून फरशी २९ अंशांवर आणि खोली २० अंशांवर धरली, तर एका चौरस मीटरमधून जास्तीत जास्त शंभरेक वॉट ऊब मिळते. उघड्या विटांच्या भिंती आणि एकेरी काचा असलेल्या खोलीला जानेवारीत याहून जास्त लागू शकते. तेव्हा आधी भिंती, मग खिडक्या, मग छत, आणि पैसे उरलेच तर फरशी. ज्यांचं स्वयंपाकघर तसंही फुटणार आहे किंवा मागे नवी खोली निघणार आहे, त्यांनी तिथे नळ्या जरूर घालाव्यात. वरच्या बेडरूमला रेडिएटर पुरतो. बाथरूमपुरती टाइलखाली विजेची चटई घालणं हाही शहाणपणाचा प्रकार आहे, फक्त तिच्यावर अख्खं घर तापवायला जाऊ नये, कारण ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट भावाचं.

जुनी इमारत आणि नवी ऊब यांचा सगळ्यात देखणा संसार बाथ शहरातल्या अ‍ॅबीत पाहायला मिळतो. तिथली जमीन खचत चालली होती, कारण शतकानुशतकं खाली हजारो माणसं पुरलेली आणि दफनांमुळे माती पोकळ झालेली. २०१८मध्ये सुरू झालेल्या कामात थडग्यांच्या शिळा उचलल्या, पोकळ्या भरल्या, नळ्या घातल्या आणि शिळा परत बसवल्या. ऊब आणली ती शेजारच्या रोमन स्नानगृहांच्या झऱ्यातून. तिथे रोज अकरा लाखांवर लिटर पाणी ४६ अंशांच्या आसपास उफाळतं आणि रोमनांनी बांधलेल्या मोरीतून नदीला मिळतं. त्या मोरीतच उष्णता काढून घेणारे पत्रे बसवले आहेत. रोमनांनी खणलेल्या मोरीवर एकविसाव्या शतकातलं प्रार्थनाघर शेकतं आहे आणि बॉयलरच्या सर्व्हिसिंगची कटकट नाही.

साध्या घरांत खरी परीक्षा स्वभावाची होते. रेडिएटरवर वाढलेला माणूस बाहेरून आला की थर्मोस्टॅट २५वर नेतो. जाड स्क्रीड तापायला तीन-चार तास घेतो. तोवर माणसाने स्वेटर घातलेला असतो, चहा झालेला असतो, भांडणही झालेलं असतं. मग रात्री अकराला खोली भट्टी होते आणि खिडक्या उघडल्या जातात. ही हीटिंग हळूहळू, सतत, कमी आचेवर चालवायची असते. पुण्याहून आलेल्या आजोबांना बारा तास ‘चालूच’ असलेलं कुठलंही यंत्र सहन होत नाही. ते झोपण्यापूर्वी बंद करतात आणि सकाळी घर गारठलेलं सापडतं. गालिच्यांचं वेगळंच. गालिचा आणि त्याखालचं अस्तर मिळून अडीच टॉगच्या पुढे जाऊ नये म्हणतात. टॉग हे रजईची ऊब मोजायचं माप, म्हणजे फरशीला फार जाड रजई पांघरू नका, एवढाच अर्थ. सासूबाई त्यावर सोलापुरी चादर, चटई आणि वर नातवाची गादी अंथरतात आणि ‘एवढे पैसे घातले तरी काही तापत नाही’ म्हणतात.

वास्तुशांतीच्या दिवशी या सगळ्याचा स्फोट होतो. विधीप्रमाणे वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरायची असते. भटजी सहज म्हणतात, ‘एक टाइल काढून घ्या.’ यजमान पांढराफटक पडतो. स्क्रीड पडण्यापूर्वी नळ्यांचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, असं प्लंबरने बजावलेलं असतं. फोटो काढलेलेही असतात, पण तो फोन गेल्या दिवाळीत एक्स्चेंजमध्ये गेलेला. दाराचा साधा स्टॉपर बसवताना मारलेल्या एका स्क्रूने नळीला भोक पडल्याची, दाबाचा काटा खाली आल्याची आणि मग गळती हुडकायला उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन माणूस आल्याची गोष्ट घरात प्रत्येकाने ऐकलेली असते. आग्नेय कोपऱ्याला म्हणजे अग्नीच्या दिशेलाच मॅनिफोल्डचं कपाट आलेलं निघतं. बराच खल होतो. कपाटाच्या खणात ठेवू, असं यजमान सुचवतो. जमिनीचा स्पर्श हवा, असं भटजी. शेवटी बागेतल्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा खणायचं ठरतं. बाहेर उणे दोन अंश, वरची माती गोठलेली, आणि यजमान मोजे न घालता सोवळ्यात कुदळ मारतो आहे.